व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? : गिटारच्या ॲम्प्लिफायरची निवड

– एस. वाय. बी. ए.

स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या महाविद्यालयात गिटार वाजवणारी दोन-चार मुले कोठून तरी पुढे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक वादही येतो. गिटारला जोडायचा ॲम्प्लिफायर कोणता चांगला? जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा, की ट्रान्झिस्टरचा? एक पक्ष म्हणतो, "व्हॉल्व्हच्या आवाजाला गोडवा आहे, ट्रान्झिस्टर कोरडा." दुसरा पक्ष म्हणतो, "हे सारे जुन्याचे कौतुक. कानाला फरक कळत नाही." गंमत अशी की दोन्ही पक्षांतील बहुतेकांनी दोन्ही ॲम्प्लिफायर शेजारी-शेजारी ठेवून कधी ऐकलेले नसतात. गेल्या वर्षापर्यंत मीही त्यांतलाच एक होतो.

आमच्यापुढे मात्र हा वाद नुसता चर्चेचा राहिला नाही. आम्ही चौघा मित्रांनी मिळून सोळा हजार रुपये जमवले होते. माझा वाटा चार हजारांचा. दिवाळीच्या सुटीत द्राक्षबागेत डिपिंगच्या कामाला जाऊन मी तो मिळवला होता. इतर तिघांचे पैसेही असेच घामाचे. चुकीची वस्तू गळ्यात पडली असती तर पुन्हा एवढी रक्कम उभी राहायला वर्ष गेले असते. तेव्हा घेण्यापूर्वी समजून घ्यावे असे ठरले. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण माझे मामा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा करतात, त्यामुळे मंडपामागे ॲम्प्लिफायरजवळ बसून राहण्याची सवय मला लहानपणापासून आहे. जे मामांना सांगता आले नाही ते विज्ञान शाखेच्या सरांनी समजावून दिले. त्या अभ्यासाचा सारांश येथे मांडत आहे.

ॲम्प्लिफायर नेमके काय करतो?

विद्युत गिटारच्या तारांखाली एक लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. यास पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब एका व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास, कधी त्याहून कमी. एवढ्याशा दाबाने स्पीकरचा कागदी पडदा हलणार नाही. त्याला बळ देण्याचे काम ॲम्प्लिफायरचे. म्हणजे घरच्या विजेतून शक्ती घ्यायची आणि ती गिटारच्या दुबळ्या संदेशाच्या हुकमतीखाली स्पीकरकडे सोडायची. पाटाचे पाणी मोठे असले तरी दार हलवायला एका माणसाचा हात पुरतो, तसे हे आहे. ते दार काचेच्या नळीत बसवावे की सिलिकॉनच्या तुकड्यात, एवढाच आपला प्रश्न.

थोडा इतिहास

१९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी दोन अग्रांची निर्वात नळी तयार केली. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसरे अग्र, म्हणजे तारेची जाळी, घातले. या तिसऱ्या अग्रामुळेच पुढे विद्युत संदेश मोठा करणे शक्य झाले. रेडिओ, बोलपट आणि लाऊडस्पीकर यांचा जन्म त्यातूनच झाला. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्या दोघांना शॉकली यांच्यासह १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह आणि लगेच पुढच्या वर्षी जर्मेनियमची अर्धवाहक साधने बनवण्यास सुरुवात केली. जुने आणि नवे आपल्याकडे जवळजवळ हात धरूनच आले म्हणायचे.

गिटारचे नामांकित ॲम्प्लिफायर मात्र व्हॉल्व्हच्या काळातच घडले. अमेरिकेचा फेंडर बेसमन १९५२ मध्ये आला, इंग्लंडचा व्हॉक्स एसी ३० त्या दशकाच्या अखेरीस, आणि लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ च्या सुमारास फेंडरचाच आराखडा पुढे ठेवून आपला पहिला ॲम्प्लिफायर केला. आपल्याकडे आयातीवर कडक निर्बंध असल्याने अशी यंत्रे फार थोड्यांच्या वाट्याला आली. तरीही व्हॅन शिपले यांच्या विद्युत गिटारवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर वाजल्या, आणि १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातील भूपिंदर सिंग यांच्या गिटारने तर एका पिढीला वेड लावले. गावोगावच्या वादकांनी मात्र लाऊडस्पीकरवाल्याच्या ॲम्प्लिफायरलाच गिटार जोडून वेळ भागवली. मामांच्या गोदामात असाच एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पडून आहे. आमच्या अभ्यासाची सुरुवात त्याच्यापासून झाली.

दोन्हींची कार्यपद्धती

व्हॉल्व्हच्या नळीतील हवा काढून टाकलेली असते. आत एक तंतू ६.३ व्होल्टवर तापून लालसर होतो. हा तांबूस उजेड ज्याने अंधारात पाहिला आहे तो विसरत नाही. तंतूच्या उष्णतेने ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धनाग्राकडे धावतात. धनाग्रावर तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो. मधल्या जाळीवर गिटारचा संदेश दिला की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा भार लागतो, तर स्पीकर चार, आठ किंवा सोळा ओहमचा. दोघांची सोयरीक जुळवायला मध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर लागतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे बरेचसे वजन याचे आणि वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरचे असते.

ट्रान्झिस्टरला तापायची गरज नाही, निर्वाताची गरज नाही आणि चारशे व्होल्टचीही गरज नाही. तीस-चाळीस व्होल्टवर तो खुशाल काम करतो. बटन दाबताच सुरू होतो. त्याला साधारणपणे तो मधला ट्रान्सफॉर्मरही लागत नाही. त्यामुळे यंत्र हलके होते आणि स्वस्त पडते.

आवाजात फरक कोठे पडतो?

हा या विषयाचा गाभा होय. आवाज मर्यादेत असेल तर दोन्ही यंत्रे संदेश जवळजवळ जसाच्या तसा मोठा करतात. फरक दिसतो तो मर्यादा ओलांडताना. कोणत्याही ॲम्प्लिफायरला एक कमाल उंची असते. त्यापलीकडे लहरीचा माथा जाऊ शकत नाही. व्हॉल्व्हमध्ये हा माथा हळूहळू दबत जातो आणि गोलसर होतो. साध्या ट्रान्झिस्टरी मंडलात तो एकदम सपाट कापला जातो. गोदावरीचे पाणी घाटाच्या पायऱ्यांवर चढते तेव्हा पसरत जाते आणि तेच उभ्या भिंतीवर आदळले तर उसळते, असे म्हणता येईल.

लहरीचा आकार बदलला की तिच्यात मूळ स्वराखेरीज वरचे उपस्वर मिसळतात. गोलसर माथ्यामुळे जवळचे उपस्वर अधिक येतात. ते मूळ स्वराशी जुळणारे असल्याने आवाज भरीव वाटतो. सपाट कापणीमुळे दूरचे, उंच उपस्वर अधिक येतात. ते कानाला बोचतात. शिवाय जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रात जोराचा आघात झाला की वीजपुरवठाच क्षणभर नमतो, त्यामुळे स्वर दबून मग फुलतो. वादकाच्या बोटांना हे जाणवते. गिटारवाले ज्याला गोडवा म्हणतात तो बहुतांशी हाच.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्वच ट्रान्झिस्टरी ॲम्प्लिफायर भिंतीसारखे नसतात. मंडल कसे बांधले यावर पुष्कळ अवलंबून असते. १९७५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने काढलेला जाझ कोरस हा ट्रान्झिस्टरचाच, आणि त्याच्या स्वच्छ आवाजासाठी जगभरचे वादक तो मुद्दाम निवडतात. आता तर संगणकीय पद्धतीने व्हॉल्व्हच्या वागणुकीची नक्कल करणारी यंत्रेही मिळतात.

आमचा प्रयोग

आमच्या एका मित्राच्या ओळखीने ट्रान्झिस्टरचा एक ॲम्प्लिफायर दोन दिवसांसाठी मिळाला. मामांच्या गोदामात तो त्या जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्राशेजारी ठेवला. पहिल्या ऐकण्यात आम्ही सारेच ओरडलो, "ट्रान्झिस्टर चांगला!" कारण उघड होते, पण ते ध्यानात यायला अर्धा तास गेला. व्हॉल्व्हचे यंत्र कर्ण्याला जोडलेले होते आणि ट्रान्झिस्टरच्या पेटीत बारा इंची स्पीकर होता. कर्णा हा भाषणासाठी केलेला. तो खालचे स्वर देतच नाही, आणि मधले स्वर टोचेल इतके पुढे ढकलतो. आम्ही व्हॉल्व्हची ट्रान्झिस्टरशी तुलना करत नव्हतो, कर्ण्याची स्पीकरशी करत होतो.

मग दोन्ही यंत्रे आळीपाळीने त्याच बारा इंची स्पीकरला जोडली. मोबाइलवर आवाजाची पातळी मोजून दोन्हींची सारखी केली, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी चांगलाच वाटतो. मध्ये मंडपाचा पडदा लावला. एकाने वाजवायचे, मामांनी यंत्र बदलायचे आणि बाकीच्या तिघांनी कागदावर लिहायचे, असे दहा-दहा वेळा केले. हळू आवाजात स्वच्छ वाजवले तेव्हा माझी दहापैकी पाच उत्तरे बरोबर आली. म्हणजे नाणे उडवून लिहिले असते तरी तेवढीच आली असती. इतरांचीही गत तीच. आवाज पुरता चढवून, स्वर फाटेल असा वाजवला तेव्हा मात्र माझी नऊ उत्तरे बरोबर आली. आणि खरे सांगायचे तर मला व्हॉल्व्हच अधिक आवडला.

यावरून दोन गोष्टी निघाल्या. एक, आवाजावर स्पीकरचा परिणाम यंत्राच्या जातीपेक्षा मोठा असतो. दुसरी, व्हॉल्व्हचा गुण अस्सल आहे, पण तो यंत्र जोरात चालवले तरच प्रकटतो.

वॅट आणि शेजारी

जोरात म्हणजे किती? येथे वॅटचे गणित समजून घेतले पाहिजे. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणजे शंभर वॅटचे यंत्र दहा वॅटच्या यंत्राहून दुप्पटच मोठे वाटते. दुकानात वॅटचा आकडा पाहून दिपून जाण्याचे कारण नाही.

उलट बाजूने पाहा. पन्नास वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर फाटेल इतका चढवायचा तर तो मैदानातच चढवावा लागेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावण्यास बंदी आहे. वर्षातील फार तर पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आमच्यापैकी दोघे वाड्यात राहतात. भिंतीपलीकडे कोणाचे आजारी वडील, कोणाची दहावीची परीक्षा. ज्या गुणासाठी पैसे मोजायचे तो घरी कधी ऐकूच येणार नसेल तर उपयोग काय? व्हॉल्व्हच घ्यायचा तर पाच वॅटचा पुरे, हे मला नंतर कळले. ट्रान्झिस्टरच्या बहुतेक लहान यंत्रांना कानाला लावायचे हेडफोन जोडता येतात, ही सोय गरीब घरात मोठी आहे.

खेड्यातील वीज आणि दुरुस्ती

आमचे निम्मे कार्यक्रम जिल्ह्यातील यात्रांत होतात. तेथे रात्री विजेचा दाब २३० व्होल्टवरून १८० पर्यंत घसरलेला मामांनी अनेकदा मोजला आहे. अशा वेळी व्हॉल्व्हच्या तंतूला ६.३ ऐवजी सुमारे ४.९ व्होल्टच मिळतात. तो पुरेसा तापत नाही आणि आवाज मलूल होतो. साध्या ट्रान्झिस्टरी यंत्राचीही शक्ती अशा वेळी घटते. पन्नास वॅटचे यंत्र तीसपर्यंत येते. पण ते मलूल न होता केवळ हळू होते. ज्या यंत्रांचा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो त्यांना तर काहीच होत नाही.

दुरुस्तीचे म्हणाल तर शेवटच्या टप्प्याचे व्हॉल्व्ह हजार-दोन हजार तासांत थकतात. बदलताना जोडीने बदलावे लागतात आणि नव्या जोडीप्रमाणे यंत्र जुळवून घ्यावे लागते. आज हे व्हॉल्व्ह प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे बनतात. २०२२ मध्ये युद्धामुळे रशियाचा पुरवठा काही काळ अडला तेव्हा जगभर त्यांचे भाव चढले. आमच्यासारख्यांना चार आकडी किमतीची जोडी दर दोन वर्षांनी परवडणारी नव्हती. नाकापेक्षा मोती जड, अशी ती गत झाली असती.

जिवाचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाचे. मामांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर एक पांढरा, बधिर डाग आहे. तरुणपणी व्हॉल्व्हचे यंत्र बंद करून, पिन काढून त्यांनी ते उघडले आणि बोट आत घातले. वीज बंद असली तरी आतील कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्टचा साठा काही काळ राहतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ज्याला यातले कळत नाही त्याने व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही उघडू नये.

दुसरा प्रसंग आमचाच. त्या जुन्या यंत्राला दोन पिनांची वायर होती, म्हणजे अर्थिंग नव्हते. आत विजेची तार आणि पत्र्याची पेटी यांमध्ये एक जुना कंडेन्सर होता. तो गळू लागला होता. पेटीत वीज, पेटीतून गिटारच्या वायरीत, वायरीतून तारांत. सरावाच्या वेळी गाणाऱ्या मित्राच्या हातात गिटार होती आणि समोरचा माइक दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या यंत्राला जोडलेला. त्याचे ओठ माइकला लागले आणि तो मागे फेकला गेला. सुदैवाने ओठ भाजण्यावर निभावले. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक रंगमंचावर अशाच रीतीने, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून, मरण पावला होता. हा दोष व्हॉल्व्हचा नव्हे, अर्थिंग नसण्याचा आहे. ट्रान्झिस्टरच्या यंत्रालाही तो होऊ शकतो. पण जुनी यंत्रे बहुधा व्हॉल्व्हची असतात आणि वायरीही त्याच काळातल्या असतात, म्हणून सांभाळावे.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. कार्यक्रमापूर्वी गिटारची तार आणि माइकची जाळी यांमध्ये मीटर लावून पाहायचे. काटा शून्याजवळ नसेल तर कोणी कितीही घाई करो, वाजवायचे नाही. महाविद्यालयाच्या रंगमंचावरही हा नियम व्हावा आणि तेथील वीजजोडणीवर तीस मिलिॲम्पिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच असावा, अशी माझी सांस्कृतिक मंडळाला नम्र सूचना आहे.

तात्पर्य

निवड करणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आपण वाजवणार कोठे, खोलीत की मैदानात? आपल्याला हवा तो आवाज स्वच्छ की फाटलेला? यंत्र वाहणार कोण आणि दुरुस्त करणार कोण? आणि पैसे एकदाच आहेत की दरवर्षी येणार आहेत? ज्याला ध्वनिमुद्रण करायचे आहे, जवळ जाणता कारागीर आहे, वीज स्थिर आहे आणि फाटलेल्या स्वराची खरी ओढ आहे, त्याने लहान व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर खुशाल घ्यावा. ज्याला मोटारसायकलवर यंत्र बांधून यात्रेला जायचे आहे, त्याने ट्रान्झिस्टरचा घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरवर घालावेत.

आम्ही ट्रान्झिस्टरचा घेतला. मला व्हॉल्व्ह आवडला होता हे मी वर लिहिलेच आहे आणि मत देताना मित्रांनाही सांगितले होते. पण पैसे चौघांचे होते. मामांचे जुने यंत्र सरांच्या देखरेखीखाली तीन पिनांची नवी वायर आणि नवे कंडेन्सर घालून नीट करून घेतले आहे. ज्यांना दोन्हींतील फरक स्वतःच्या कानांनी ऐकायचा असेल त्यांनी एखाद्या रविवारी गोदामात जरूर यावे. पडदा आम्ही लावू, कागद-पेन्सिल आपली आणावी.

या लेखात काही त्रुटी राहिली असल्यास जाणकारांनी ती दाखवून द्यावी, ही विनंती.